पांढऱ्या पेशी जंताला का खात नाहीत?



जंतनाशक दिनाच्या आदल्या दिवशी एक आई शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माझं पोरगं ठणठणीत आहे. पोटात दुखत नाही, काही नाही. मग गोळी कशाला? मागच्या वेळी गोळी खाऊन शेजारच्या मुलाला उलटी झाली होती." मी म्हटलं, "सरकारी कार्यक्रम आहे, सगळ्यांनाच देतात." त्या गप्प बसल्या, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वर्गात रक्ताचा पाठ चालू होता. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, असं मी सांगितलं. एका मुलीने हात वर केला. "बाई, मग त्या जंताला का खात नाहीत?"

प्रश्न साधा वाटतो, पण मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की त्या आईच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तेच इथे मांडते.

जंतू आणि जंत

आपल्या बोलण्यात हे दोन शब्द जवळजवळ सारखेच येतात, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. जंत म्हणजे कृमी, चांगला डोळ्यांना दिसणारा प्राणी. मातीतून पसरणारे जंत मुख्यतः तीन प्रकारचे: गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या शरीरात यांपैकी एखादा तरी जंत असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

वर्गात ही कृती करून पाहा. एक हरभरा घ्या. ही आपली पांढरी पेशी. (खरी पेशी मिलिमीटरच्या साधारण ऐंशीव्या भागाएवढी असते.) या मापाने एखादा जिवाणू राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होईल. हरभऱ्याने राजगिरा गिळला, तर पटतं. आता ३० सेंटिमीटर लांबीचा गोलकृमी याच मापाने मोजा. तो होतो २५० मीटर लांब आणि काही मीटर जाड! म्हणजे शाळेच्या फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत. मुलांना मैदानावर चालत नेऊन दाखवा. "आता हा हरभरा एवढ्या मोठ्या जंताला खाईल का?" असं विचारलं की वर्ग एका सुरात "नाही!" म्हणतो.

मग शरीर काय करतं?

गिळता येत नाही, म्हणून शरीर दुसरा डाव टाकतं: हाकलून द्यायचा.

आतड्याच्या अस्तरात मधूनमधून काही पेशी असतात, त्यांच्या टोकाला बारीक झुपका असतो. त्यांना टफ्ट पेशी म्हणतात. त्यांचं काम काय, हे बरीच वर्षं कोडंच होतं. २०१६ साली उंदरांवरच्या संशोधनातून दिसलं की जंत आल्याची वर्दी याच पेशी देतात. घरात शिरलेल्या माणसावर पहिल्यांदा भुंकणारं कुत्रं जसं, तसं यांचं काम.

त्यांच्या रासायनिक संदेशाने जवळच्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात. पुढे मदतनीस टी पेशीही येतात आणि आणखी संदेश सोडतात. या संदेशांना इंटरल्यूकिन म्हणतात. मुलांना एवढंच सांगायचं की ही पेशींची आपापसातली चिठ्ठी. चिठ्ठी वाचून तीन कामं सुरू होतात.

१. आतड्यातल्या चषक पेशी भरपूर चिकट स्राव सोडतात. जंताला भिंतीला धरून राहणं कठीण होतं.
२. आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि आतला माल पुढे ढकलतात.
३. अस्तरातल्या जुन्या पेशी झडून नव्या लवकर येतात, जंताचा पाय ठरत नाही.

थोडक्यात, घसरगुंडी करायची आणि ढकलून द्यायचं!

इओसिनोफिलची कामगिरी

पण जंत आधी लहान असतो ना? गोलकृमीचं अंडं मातीतून, न धुतलेल्या हातातून किंवा भाजीतून पोटात जातं. अळी आतड्यात बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते. तिथून घशाशी चढते आणि थुंकीबरोबर पुन्हा गिळली जाते. मग आतड्यात ती मोठी होते. आपल्या हरभऱ्याच्या मापात ही सुरुवातीची अळी वीतभर असते. एका पेशीला तीही झेपत नाही, पण अनेकींनी मिळून घेरली तर?

नेमकं तेच होतं. अळीच्या अंगावर आधी प्रतिपिंडं चिकटतात. त्यांत आय-जी-ई नावाचं प्रतिपिंड महत्त्वाचं. ही जणू चोराच्या पाठीवर मारलेली खूण. ती खूण पाहून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळीला बाहेरून चिकटतात आणि आपल्या कणांमधली विषारी प्रथिनं तिच्या कातडीवर ओततात. इओसिन या रंगाने त्यांचे कण लालसर दिसतात, म्हणून हे नाव. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशींचं वर्णन केलं होतं.

मुलांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये "इओसिनोफिल वाढलेत" असं पालकांनी वाचलं असेल. जंत हे त्याचं एक कारण असू शकतं. पण दमा आणि ॲलर्जीतही ते वाढतात. उलट आतड्यात मोठे जंत असूनही आकडा साधा येऊ शकतो. म्हणून रिपोर्ट वाचून स्वतः निदान करू नका, डॉक्टरांना दाखवा.

ठणठणीत पोराला गोळी कशाला?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. एवढी फौज असताना जंत एक-दोन वर्षं आतड्यात राहतो कसा?

कारण जंतही मुरलेला आहे. तो असे पदार्थ सोडतो की आपल्या शरीरातल्या 'शांत राहा' सांगणाऱ्या टी पेशी पुढे येतात आणि लढाई थंडावते. शरीरालाही ते काही अंशी सोयीचं असतं, कारण सतत लढत राहिलं तर आपलंच आतडं खराब होईल. हा एक प्रकारचा तह आहे. म्हणूनच मूल वरून ठणठणीत दिसतं. पण आत जंत अन्नात वाटेकरी असतो आणि अंकुशकृमी तर रक्तच पितो. रक्त कमी झालेलं मूल वर्गात पेंगतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो! मी म्हटलेलं आहे, म्हणून सांगते.

अल्बेंडाझोलची गोळी हा तह मोडते. जंताला साखर शोषता येत नाही, त्याची शक्ती संपते. पोटात जंत जास्त असतील तर कधी मळमळ, उलटी किंवा पोटदुखी होते. बहुधा ती थोड्या वेळात थांबते. मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा त्याचं काही औषध चालू असेल, तर आधी आरोग्य सेविकेला सांगा. गोळी चावून खायला लावा.

आणि गोळी म्हणजे लस नव्हे. आज जंत गेले, उद्या माखलेला हात तोंडात गेला की पुन्हा येतात. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती अंडी शरीरात वाढत नाहीत, बाहेर मातीत तयार होतात. म्हणजे पोटातला प्रत्येक गोलकृमी बाहेरूनच आलेला असतो. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. घाण हातांनी गोड खाल्लं तर होतात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. म्हणून साबण, संडास आणि चप्पल ही गोळीची भावंडं.

हे सगळं मी त्या आईंना हरभरा दाखवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, शाळेच्या नळापाशी साबण असतो का?"

नव्हता. दुसऱ्या दिवशी आणून ठेवला. आता जेवणाआधी रांग लावायचं काम प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडे आहे.

तुमच्या नळापाशी आहे का? उद्या जाऊन बघा.