गिऱ्हाईकाची वस्तू आणि सहा आठवडे: रानडुकराच्या सुळ्यांच्या कामातून जॉबवर्कचं गणित



जॉबवर्क म्हणजे वस्तू गिऱ्हाईकाची, मेहनत आपली. शिलाई, फ्रेमिंग, मोटार रिवाइंडिंग हे सगळं त्यातच येतं. आज उदाहरण घेतोय ते आपल्याकडे करता येत नाही अशा धंद्याचं: जर्मनीत रानडुकराचे सुळे आणि जबडे साफ करून, टिकाऊ करून, फळीवर बसवून देण्याचा. आपल्याकडे चालत नाही तर शिकायचं कशाला? कारण या कामात घाई करणाऱ्याचं नुकसान डोळ्यांना दिसतं. दात उभा चिरतो. दुसरा आणता येत नाही.

आधी कायदा, म्हणजे कोणाच्या डोक्यात भलतं काही यायला नको. रानडुक्कर भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाचं नुकसान करतं म्हणून वनखात्याच्या परवानगीने मारलं, तरी ते धूड आणि त्याचे सुळे शेतकऱ्याचे होत नाहीत, शिकाऱ्याचेही नाहीत. ती सरकारी मालमत्ता. अशी वस्तू हातात आली तर ४८ तासांत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. "नशिबासाठी डुकराचा दात" म्हणून लॉकेट विकणारे दिसतात, त्यांचं बघून माल भरू नका. दंडही होतो, तुरुंगही होतो. आजोबांच्या काळातला सुळा घरात भिंतीवर आहे असं कोणी सांगत आलं, तर त्याला आधी वनखात्याच्या कार्यालयात पाठवा. त्याचं पॉलिशचं काम घेऊ नका.

आता जर्मनी. तिथे परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या चार लाखांच्या वर आहे. २०१९-२० च्या हंगामात तिथे सुमारे ८ लाख ८० हजार रानडुकरं मारली गेली. मका आणि बटाट्याच्या शेतीचं नुकसान हे एक कारण, रोगराईची भीती हे दुसरं. मांस खाण्यात जातं. नराचे सुळे शिकारी ठेवून घेतो, आणि ते साफ करायला वेळ किंवा हात नसला की कारागिराकडे देतो. इथून आपला धंदा सुरू होतो.

माल समजल्याशिवाय दर सांगता येत नाही, म्हणून थोडं शरीरशास्त्र. नराला चार सुळे असतात. खालचे दोन लांब आणि वळलेले. तिकडच्या शिकारी बोलीत त्यांना बंदूक या अर्थाचाच शब्द आहे. वरचे दोन आखूड, जाड, वर वळलेले. वरचे खालच्यांवर घासत राहतात आणि खालच्यांना धार लागते. हे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे त्यांचं मूळ बंद नसतं, पोकळ असतं, आत मऊ गर असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर दिसतो तो खालचा सुळा साधारण एक तृतीयांशच. उरलेला दोन तृतीयांश जबड्याच्या हाडात, दाढांच्या खालपर्यंत गेलेला असतो.

म्हणून पहिलं नुकसान करवतीनेच होतं. शिकाऱ्याने घरी घाईघाईत नाकाड पुढूनच कापलं, तर सुळ्याचं मूळ आतच कापलं जातं. असं काम दुकानात आलं की शहाणा कारागीर गिऱ्हाईकासमोर फोटो काढतो आणि पावतीवर लिहितो, "मूळ आधीच कापलेलं." माझ्या फ्रेमच्या दुकानात जुना फोटो आला की मीही आधी कोपरे बघतो, मग बोलतो. ही दोन मिनिटं नंतरचा दोन दिवसांचा वाद वाचवतात.

पुढचं काम पाण्याचं. जबड्याचा तुकडा पूर्ण बुडेल एवढं पाणी, मंद आच, खळाळून उकळू द्यायचं नाही. एक ते तीन तास, जनावराच्या वयावर. मग विस्तव बंद, आणि खरी परीक्षा इथे: सुळे त्याच पाण्यात कोमट होईपर्यंत ठेवायचे. गरम दात काढून नळाखाली धरला की संपलं. बाहेरचा कडक थर आणि आतला भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि दात चिरतो. कोमट असतानाच फडक्यात धरून, वळणाच्या दिशेने, पुढे ओढायचा. तरुण जनावराचा सुळा मुळाकडे जास्त रुंद असतो, तो सहज निघत नाही. तिथे जोर लावण्याऐवजी हाड मागून उघडावं लागतं. काही कारागीर शिजवतच नाहीत, पाण्यात आठवडे ठेवून मांस कुजू देतात. दाताला ते सोसतं, शेजाऱ्यांना नाही.

मग आतला गर चिमट्याने, तारेने पूर्ण काढायचा. थोडा राहिला तरी पुढे वास येतो. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी बदलत बदलत, चरबी काढायची. जबड्याच्या हाडात चरबी जास्त असते, ती नीट निघाली नाही तर सहा महिन्यांनी पांढऱ्या हाडावर पिवळे डाग उमटतात, आणि तेव्हा गिऱ्हाईक परत येतं. हाड पांढरं करायला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. कपड्यांचं क्लोरीनचं ब्लीच नाही, ते हाड भुसभुशीत करतं. सुळ्यांना पांढरं करायचंच नाही. त्यांच्यावरचा तपकिरी रंग हीच त्यांची ओळख. अख्खा खालचा जबडा ठेवायचा असेल तर शिजवलेलं पाणी गाळणीतून ओता, कारण पुढचे दात सुटून तळाशी पडलेले असतात. ते मोजून परत बसवायचे असतात.

वाळवणं सावलीत. हीटरवर नाही, उन्हात नाही. काही आठवडे. नंतर आतून पातळ गोंद फिरवून पोकळी मेणाने किंवा इपॉक्सीने भरतात, म्हणजे घराच्या कोरड्या हवेत दात पुढे फुटत नाही. शेवटी ओकची फळी, धातूची टोपी, झालं. ही शेवटची पायरी सगळ्यात सोपी आणि गिऱ्हाईकाला दिसणारी तेवढीच. म्हणून नवीन माणूस फळीचे पैसे लावतो आणि आधीच्या सहा आठवड्यांचे विसरतो.

आता बघा, घासण्याची किंमत किती असते. सीआयसी या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेची मोजण्याची पद्धत आहे. खालच्या सुळ्यांची सरासरी लांबी सेंटिमीटरमध्ये, तिला गुणक १. त्यांची सरासरी रुंदी मिलिमीटरमध्ये, तिला गुणक ३. वरच्या दोन्ही सुळ्यांचा घेर सेंटिमीटरमध्ये, तो तसाच. त्यावर रूपासाठी थोडे गुण वाढतात किंवा कापले जातात. ११० ला कांस्य, ११५ ला रौप्य, १२० ला सुवर्ण. समजा लांबी २२, रुंदी २६, घेर ७ आणि ७. म्हणजे २२ + ७८ + १४ = ११४. कांस्य. आता कोणी "चकाचक करून देतो" म्हणत सँडपेपर मारून रुंदी एक मिलिमीटर घटवली, तर तीन गुण गेले. १११. अजून एक घासा, पदकच गेलं. याच कारणासाठी चांगला कारागीर सुळे फळीवर कायमचे चिकटवत नाही. मोजायला पूर्ण दात सुटा लागतो.

आता हिशोब. आकडे मी समजायला रुपयांत धरलेत, तिकडचे दर नाहीत. एका कामाला हाताची मिनिटं: पावती आणि कापणी २०, शिजवताना लक्ष ३०, काढणं आणि गर ४५, पाणी बदलणं ३०, भरणं २०, फळी ४०, फोटो आणि सुपूर्द करणं १५. बेरीज २०० मिनिटं. तासाला ३०० रुपये धरले तर मजुरी १,०००. फळी, मेण, रसायन ५००. हे झालं एकट्या कामाचं.

आठ जबडे एका भांड्यात घेतले तर? शिजवतानाचं लक्ष आणि पाणी बदलणं, ही ६० मिनिटं आठ जणांत वाटली जातात, प्रत्येकी साडेसात. काम २०० वरून सुमारे १४८ मिनिटांवर येतं, मजुरी साधारण ७४० वर. पण आठ गिऱ्हाइकांचे सुळे एका भांड्यात, आणि सगळे दिसायला सारखे! इथे तारेत ओवलेला, उकळून न पुसणारा नंबरचा बिल्ला नसेल तर वाचवलेल्या पन्नास मिनिटांवर अख्खं दुकान पणाला लागतं. आंघोळीचा साबण आणि गिऱ्हाइकाची वस्तू, दोन्ही अदलाबदल झाली की माणूस विसरत नाही.

हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, मोठ्या हाकाऱ्याच्या शिकारीचे महिने. सगळं काम एकदम येतं आणि प्रत्येकाला नाताळला भिंतीवर हवं असतं. डिसेंबरमध्ये आलेल्या कामाला प्रामाणिक तारीख फेब्रुवारीची आहे. ती पावतीवर लिहायची, तोंडी नाही. चाळीस कामं घरात पडून असतील तर ५०० प्रमाणे २०,००० रुपयांचा माल अडकलेला, म्हणून सामानाएवढा अ‍ॅडव्हान्स पहिल्या दिवशी. "ओळखीचे आहात, राहू द्या" हे वाक्य हंगामात महाग पडतं.

एक धोका तुमच्या हातात नसलेला. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यात रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांना मारतो, आणि त्याचा विषाणू अस्थिमज्जेत टिकतो. बाधित भागातून कच्चा जबडा उचलून आणणं म्हणजे रोग गावोगाव नेणं. त्यामुळे जबडा कुठल्या भागातला, हा प्रश्न पावतीवर आला. आपल्या धंद्यातही माल कुठून आला हे विचारायची सवय असू द्या, भंगार असो की जुनं सोनं.

हाडाचंच काम आवडलं असेल तर उत्तर प्रदेशातल्या संभळचं शिंग-हाडाचं काम बघा. पाळीव जनावरांच्या शिंगा-हाडांपासून कंगवे, बटणं, दागिने. खरेदीचं बिल मात्र जपून ठेवायचं, कारण वस्तू कोणत्या जनावराची हे नुसतं बघून ठरत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं एक जॉबवर्क घ्या. कागदाच्या डाव्या बाजूला हाताची मिनिटं लिहा, उजव्या बाजूला वाट बघण्याचे दिवस. मग तुमचा सध्याचा दर नेमका कोणत्या बाजूचे पैसे घेतो, त्यावर खूण करून कमेंटमध्ये टाका. पुढच्या धड्यात त्यातले तीन कागद घेऊन दर नव्याने बसवू.