आधी कोण बसणार?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका सरकारी कार्यालयात राजशिष्टाचाराच्या कामी अर्धवेळ उमेदवारी केली. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मांडणे, हे माझे काम. पहिल्याच दिवशी मी मोठ्या देशांचे महावाणिज्यदूत पुढे बसवले. साहेबांनी शांतपणे चिठ्ठ्या गोळा केल्या व म्हणाले, "देशाचा आकार नको, तारीख बघ."

या तारखेमागे इतिहास आहे. १६६१ साली लंडनमध्ये कोणाची गाडी पुढे, यावरून फ्रान्स व स्पेनच्या राजदूतांची माणसे भर रस्त्यात लढली. काही प्राणांस मुकली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने समान दर्जाच्या राजदूतांचा क्रम आगमनाच्या अधिकृत सूचनेच्या तारखेवर ठरवला. वाणिज्यदूतांसाठी १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. समान दर्जाच्या कार्यालयप्रमुखांत ज्याला यजमान देशाची मान्यता आधी, तो पुढे. म्हणून चिमुकल्या देशाचा प्रतिनिधीही महासत्तेच्या वर बसू शकतो.

सुट्टीत हे आबांना सांगितले. गावच्या पंगतीत त्यांची जागा कायम कडेला. ते हसून म्हणाले, "म्हंजे आधी आला त्यानं पुढं बसायचं! मग आपल्या गावात हा कायदा कवा यायचा?"

मित्रहो, परीक्षेत हा प्रश्न येणार नाही. पण उत्तर आपणच लिहायचे आहे.