‘पोचलो’, असं फोन म्हणाला

जुलैतल्या एका सकाळी नवऱ्याचा मेसेज आला, ‘पोचलो’. बाहेर धो धो पाऊस होता, त्यामुळे जीवात जीव आला आणि मी माझ्या कामाला लागले. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा विचारलं, “डबा खाल्लास का?” तो म्हणाला, “डब्यातच उभा आहे.” रुळांवर पाणी साचल्यामुळे लोकल शीव स्टेशनच्या अलीकडे थांबली होती, आणि हा सकाळपासून दारात ताटकळत होता.

मेसेज त्याने केलाच नव्हता. ऑफिसच्या परिसरात शिरलं की मला ‘पोचलो’ असं कळवायचं, हा शॉर्टकट त्याच्या आयफोनवर होता. नकाशावर ऑफिसभोवती आखलेलं वर्तुळ आम्ही संध्याकाळी बोटाने मोठं करून पाहिलं. मध्य रेल्वेचे रूळ त्याच्या कडेतून सरळ जात होते. गाडी तिथे येऊन थांबली आणि फोनच्या लेखी माणूस पोचला.

वर्तुळ लहान केलं की प्रश्न मिटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. जीपीएस, वायफाय आणि मोबाइलचे टॉवर यांवरून फोन आपली जागा ताडतो. उंच इमारतींच्या गर्दीत हा अंदाज सहज चुकतो. शंभर मीटरच्या आतलं वर्तुळ बेभरवशाचंच समजायचं. म्हणून असा शॉर्टकट करणाऱ्याने आधी वर्तुळातून काय काय जातं ते पाहावं: रूळ, उड्डाणपूल, रोजची बस. त्याहून बरा उपाय म्हणजे ऑफिसच्या वायफायला फोन जोडला गेला की मेसेज जाईल असं करणं. निदान माणूस इमारतीत शिरलाय एवढं तरी त्यातून कळतं.

ही सोय आता सगळ्यांच्या हातात आहे. ‘वर्कफ्लो’ नावाचं ॲप 2014 मध्ये आलं, 2017 मध्ये ॲपलने ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचंच ‘शॉर्टकट्स’ झालं. 2019 पासून ठरल्या वेळी किंवा ठरल्या जागी आपोआप काम सुरू करण्याची सोयही त्यात आली. सुरुवातीला बरीचशी कामं करण्याआधी फोन विचारायचा, ‘चालवू का?’ लोकांना त्याचा वैताग यायचा. पुढे एकेक करत ती अट सैल झाली आणि आता बहुतेक ठिकाणी ‘लगेच चालव’ हा पर्याय मिळतो. माझं मत विचाराल तर तो वैताग फार मोलाचा होता. जे काम उलटवता येतं ते फोनने खुशाल गुपचूप करावं. झोपायच्या वेळी आवाज बंद केला, काय बिघडलं? पण जे आपल्या नावाने दुसऱ्याकडे जातं, मेसेज, मेल, फोटो, त्याआधी फोनने विचारायलाच हवं. नवऱ्याच्या फोनवर आता तसंच ठेवलंय. ‘पोचलो’ पाठवू का, असं फोन विचारतो आणि हा अंगठा टेकवतो.

दुसरी गोष्ट बाबांच्या अँड्रॉइड फोनची, आणि तिचा मला जास्त धसका आहे. रात्री नऊला ‘बीपीची गोळी’ असं फोनने मोठ्याने बोलावं, अशी सोय भावाने त्यांना मॅक्रोड्रॉइड या ॲपवर करून दिली होती. बाबा खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मी माहेरी गेले असताना औषधांचा डबा आवरत होते, तर पट्टीत असायला हव्यात त्याहून बऱ्याच जास्त गोळ्या. बाबा म्हणाले, “फोन बोललाच नाही, म्हणजे वेळ झाली नसेल.” बॅटरी वाचवण्यासाठी फोनच मागे चालू असलेली ॲप्स बंद करतो, त्यात हेही गेलं होतं. आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. बिघडलेला गजर निदान भलत्या वेळी वाजून कळवतो, हे प्रकरण नुसतंच गप्प बसतं.

अशा ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध सेटिंगमध्ये जाऊन काढावे लागतात, आणि फोन अपडेट झाला की ते पुन्हा तपासावे लागतात. तरीही औषधासाठी मी फोनमधल्या साध्या घड्याळाचा गजरच लावेन. वार लिहिलेली गोळ्यांची डबी मेडिकलच्या दुकानात मिळते. ती सोबत असली की गोळी घेतली की नाही, हे बघताक्षणी कळतं.

तयार शॉर्टकटची लिंक व्हॉट्सॲपवर आली तर चालवण्याआधी उघडून एकेक पायरी वाचावी. वाचायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. फोटो एकत्र करण्याच्या शॉर्टकटमध्ये एखाद्या वेबपत्त्यावर काही पाठवण्याची पायरी कशाला हवी, एवढा प्रश्न पुरतो. आणि आलेले एसएमएस दुसऱ्या नंबरवर आपोआप पुढे पाठवण्याची सोय कुणी कितीही प्रेमाने करून देत असेल तरी नको. त्यातूनच बँकेचा ओटीपीही जातो.

चालू केलेलं बंद कोण करणार, हेही शॉर्टकट करतानाच ठरवावं. आयफोनवर ‘व्यत्यय नको’ सुरू करताना अमुक वेळेपर्यंत किंवा ही जागा सोडेपर्यंत, असं सांगता येतं. ते न सांगितल्यामुळे सभागृहातून बाहेर पडल्यावरही दिवसभर मुके राहिलेले फोन आमच्या नातेवाइकांत बरेच आहेत. सासूबाईंच्या आयपॅडवरची जोडी मात्र झकास चालते: व्हिडीओचं ॲप उघडलं की स्क्रीन आडवी फिरू द्यायची, बंद केलं की फिरणं पुन्हा अडवायचं. त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही.

जुना फोन घरातच कुणाला देतानाही त्यावरच्या अशा आपोआप चालणाऱ्या कामांची यादी तपासावी. माझा जुना फोन भाचा पुसून न घेताच घेऊन गेला. चार्जिंग पंधरा टक्क्यांवर आलं की मला एसएमएस पाठवायचं काम त्या फोनला कधीतरी लावलेलं होतं. आता त्याच्या नंबरवरून मला मेसेज येतात, ‘बॅटरी संपत आली’, बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. त्याच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.