कार्ड बदलण्याआधी चार्जर बघा : रास्पबेरी पायच्या दुरुस्तीचा हिशेब

सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी दाखवणारा, शाळेच्या प्रयोगशाळेत बसवलेला किंवा घरातले दिवे-पंखे सांभाळणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बंद पडला, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. नवे मेमरी कार्ड आणायचे आणि त्यावर सगळे पुन्हा चढवायचे. पाचशे-सातशे रुपयांत काम भागते, म्हणून कोणी खोलात शिरत नाही. काही महिन्यांनी नवे कार्डही मान टाकते, मग तिसरे येते. कार्ड खरोखर खराब निघते हे खरे, पण त्याला खराब करणारी गोष्ट पुष्कळदा बाहेरच असते : अपुरी वीज, अचानक जाणारी लाईट किंवा दिवसरात्र चालणारे लिखाण. ती तशीच ठेवून कार्डावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

खाली दिलेले भाव अंदाजे धरा. मेमरीच्या किमती अलीकडे बऱ्याच चढल्या आहेत. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली आणि ऑनलाइन दुकाने यांतही फरक पडतो. त्या दिवशीचा भाव विचारूनच पाकीट उघडा.

पैसे न लागणारी तपासणी

रास्पबेरी पाय ४ या मॉडेलवर लाल दिवा असतो. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो विझतो. यंत्र सुरू असताना हा दिवा मधूनमधून मालवत असेल, तर कार्डाकडे वळूच नका. यंत्र कुठेतरी कोपऱ्यात बंद डब्यात असेल आणि दिवा दिसत नसेल, तर टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ जोडून विचारा. उत्तरात नुसते शून्य आले तर वीज ठीक आहे. ५०००५ आले तर या क्षणीही व्होल्टेज कमी आहे. ५०००० चा अर्थ आत्ता ठीक आहे, पण यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी ते घसरले होते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी छोटी पिवळी वीजही हेच सांगत असते.

इथे मोबाइलच्या चार्जरचा गैरसमज फार पसरलेला आहे. ६५ वॉटचा चार्जर लावला म्हणजे भरपूर वीज मिळाली, असे वाटते. पण पाय फक्त ५ व्होल्ट घेतो, आणि असे चार्जर त्या व्होल्टेजवर सहसा ३ अँपिअरच देतात. उरलेले वॉट वरच्या व्होल्टेजचे असतात आणि पायला त्यांचा काही उपयोग नसतो. त्यातच केबल लांब आणि बारीक असेल तर यंत्रापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज आणखी खाली येते. यूएसबीला डिस्क किंवा डोंगल जोडला की कसर पूर्ण होते.

वीज ठीक निघाली, तर ‘डीमेसेज’ देऊन कर्नलचे संदेश वाचा. फक्त ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमच्या तक्रारी दिसत असतील, तर घोटाळा फाइल सिस्टिममध्ये आहे आणि तो फुकटात सुटण्याची चांगली शक्यता आहे. ‘एमएमसी०’ च्या ओळीत टाइमआउट किंवा इनपुट-आउटपुट एरर येत असतील, तर कार्ड किंवा त्याचा सॉकेट उत्तर देत नाही. कार्ड काढून, संपर्काच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवून पाहा. आणि सगळ्यात आधी जागा उरली आहे का ते बघा. लॉगनी कार्ड भरले तरी यंत्र असेच हातपाय गाळते, आणि नुसत्या जुन्या फायली काढल्या की पुन्हा चालू लागते.

आणखी एक चाचणी अवश्य करा. एक नवी फाइल तयार करा, ‘सिंक’ द्या, यंत्र रीतसर बंद करून पुन्हा चालू करा. फाइल गायब झाली असेल तर कार्डाचे आयुष्य संपले. काही कार्डे शेवटी लिहिलेले स्वीकारल्यासारखे दाखवतात, पण ठेवत नाहीत. मात्र हा निकाल देण्याआधी ‘रॅस्पी-कॉन्फिग’ मध्ये जाऊन ओव्हरले फाइल सिस्टिम चालू नाही ना, याची खात्री करा. ती चालू असेल तर लिहिलेले सगळे रॅममध्ये राहते आणि यंत्र बंद होताच पुसले जाते. लक्षण अगदी तेच दिसते, आणि चांगले कार्ड कचऱ्यात जाते.

फॉरमॅटचा प्रश्न आला की ‘कॅन्सल’

कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावले की एक छोटा भाग उघडतो. दुसऱ्या भागासाठी मात्र खिडकी येते : डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? यात कार्ड बिघडल्याचा पुरावा काहीच नाही. दुसऱ्या भागात लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही, एवढाच याचा अर्थ. तिथे ‘हो’ म्हटले की फुकटात होणारे काम काही हजारांवर जाते. दुकानात कार्ड देतानाही ही सूचना चिठ्ठीवर लिहून द्या.

माहिती हवी असेल तर दुरुस्तीआधी पूर्ण कार्डाची प्रत काढा. दीड-दोनशे रुपयांचा कार्ड रीडर, लिनक्स असलेला संगणक आणि कार्डाएवढी मोकळी जागा लागते. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन वाचता न येणारा भाग सोडून पुढे जाते आणि नंतर मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते. मग फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ ही आज्ञा त्या प्रतीवर चालवा. थेट मूळ कार्डावर चालवले, तर मरणाऱ्या कार्डावर आणखी लिखाण होते आणि उरलेसुरलेही जाऊ शकते. प्रतीवर दुरुस्ती नीट झाली, तर तीच प्रत नव्या कार्डावर उतरवता येते. घरी हे जमले नाही, तर डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेचा खर्च काही हजारांपासून सुरू होतो. मायक्रोएसडीत चिप आणि नियंत्रक एकाच तुकड्यात असतात, त्यामुळे काम किचकट होते. टाकीच्या पातळीच्या नोंदींसाठी एवढा खर्च करू नये. सोसायटीचा किंवा शेतीच्या हवामान केंद्राचा अनेक वर्षांचा एकमेव डेटा असेल, तरच विचार करा.

लाईट गेल्यावर आत काय घडते

फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर पुन्हा तसेच लिहिता येत नाही. लिखाण छोट्या पानांत होते, पण पुसायचे तर कित्येक पानांचा एक मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो. म्हणून कार्डातला नियंत्रक सतत माहितीची हलवाहलव करतो आणि कोणते पान कुठे आहे याचा तक्ता ठेवतो. कुठलाही एकच भाग झिजू नये म्हणून तो शांतपणे पडलेल्या जुन्या फायलीही उचलून दुसरीकडे ठेवतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर हा तक्ता अर्धवट राहतो.

ईएक्सटी४ चे जर्नल इथे वाचवू शकत नाही. फाइल सिस्टिमने स्वतः काय लिहायला घेतले होते, तेवढेच जर्नलला ठाऊक असते. कार्डाने आतल्या आत काय हलवले, याचा त्याला पत्ताच नसतो. कित्येक महिन्यांत हात न लावलेली प्रणालीची फाइल लाईट गेल्यावर सापडेनाशी कशी झाली, याचे उत्तर इथे आहे. भारनियमनाच्या गावांत पाय वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

झीज हा दुसरा शत्रू. प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. नियंत्रकाला शेकडो बाइटच्या नोंदीसाठीही पूर्ण पाने लिहावी लागतात, म्हणून दर काही सेकंदांनी एक ओळ लिहिणारा प्रोग्रॅम दिसतो त्याहून कितीतरी जास्त कार्ड खातो. हे केवळ छंदाच्या यंत्रांचे दुखणे नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये टेस्लाने १ लाख ३४ हजारांहून अधिक मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलावल्या, कारण पडद्यामागच्या संगणकातली ८ जीबीची फ्लॅश मेमरी लिखाणाने झिजत होती. पायचे कार्ड निदान हाताने काढता येते.

खर्च कोणत्या क्रमाने

पहिला खर्च पायसाठीच बनवलेल्या अ‍ॅडॅप्टरवर करा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो, तो सातशे ते हजारात मिळतो. पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा २७ वॉटचा लागतो, तो हजार-दीड हजाराच्या आसपास जातो. केबल त्याच्याच अंगची घ्या.

दुसरे काम फुकट आहे : लिखाण कमी करणे. लॉग रॅममध्ये ठेवा. घर सांभाळणारा ‘होम असिस्टंट’ हा प्रोग्रॅम असेल तर रेकॉर्डरची नोंद मूळ ५ सेकंदांऐवजी ३० सेकंदांनी करा आणि नको ते सेन्सर वगळा. फक्त पडदा दाखवणाऱ्या यंत्रात ओव्हरले चालू करा. मग कार्डावर जवळपास काहीच लिहिले जात नाही आणि लाईट गेली तरी नुकसानीची भीती फार कमी उरते. माझ्या मते सोसायटीच्या सूचनाफलकासाठी याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय नाही.

लाईट वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस घ्या, दीड ते अडीच हजारात येतो. राउटरचा यूपीएस घेताना सावध राहा. त्याचे मुख्य टोक बहुधा १२ व्होल्टचे असते, आणि ५ व्होल्टच्या टोकाला पुष्कळदा २ अँपिअरच असतात. हे पायला पुरत नाही.

त्यानंतर कार्ड. सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेले ‘एंड्युरन्स’ कार्ड साध्याच्या सुमारे दुप्पट पडते. त्याचे आयुष्य रेकॉर्डिंगच्या तासांत सांगितलेले असते आणि क्षमतेबरोबर वाढते, त्यामुळे ३२ ऐवजी ६४ जीबी घेणे फायद्याचे ठरते. डेटाबेस चालवायचा असेल तर मात्र कार्डाचा नाद सोडून यूएसबीवर छोटी एसएसडी लावा. अडॅप्टर केबलसकट अडीच-तीन हजारांची तयारी ठेवा. पाय ४ आणि ५ तिच्यावरून थेट सुरू होतात.

विकत घेतलेले कार्ड त्याच दिवशी तपासा. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ३’ पूर्ण कार्ड भरून परत वाचते. ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबीच असलेले नकली कार्ड लगेच उघडे पडते. निकालाचा फोटो काढून ठेवा. पक्के बिल मागा, पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का ते पाहा. वॉरंटीचा बारीक मजकूरही वाचा, कारण बऱ्याच साध्या कार्डांच्या वॉरंटीत सतत रेकॉर्डिंगचा वापर बाद केलेला असतो. विक्रेत्याने नकली कार्ड परत घ्यायला नकार दिला, तर बिल आणि तो फोटो हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही.