बोलण्यातील बांधणी

कन्नडमध्ये ‘वचन’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘बोललेले’ असा आहे. बाराव्या शतकात कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे एकत्र आलेल्या शिवभक्तांनी आपल्या मनातील तगमग, संशय आणि ओढ ज्या रचनांतून बोलून दाखविली, त्यांना हेच नाव मिळाले. या रचनांना छंदाचे बंधन नाही. मग त्यांना काव्य का म्हणावयाचे?

म्हैसूर येथे १९२९ साली जन्मलेले आणि तेथील महाराजा कॉलेजात शिकलेले कवी व भाषाभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ‘स्पीकिंग ऑफ शिव’ (१९७३) या आपल्या इंग्रजी भाषांतरसंग्रहाच्या प्रस्तावनेत या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. छंद सोडला तरी वचनकार आकृतिबंध सोडीत नाहीत. एकाच घडणीची वाक्ये लागोपाठ येतात, त्यांत एखाददुसराच शब्द बदलतो, आणि शेवटी बहुधा इष्टदैवताचे नाव येते : बसवण्णांचा ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवींचा ‘चेन्नमल्लिकार्जुन’, अल्लमप्रभूंचा ‘गुहेश्वर’. या नावामुळे कवीची ओळख पटते, तसेच हे बोलणे कोणाला उद्देशून आहे तेही कळते.

अशी बांधणी काही संतांचीच मिरास नाही. घरात दुःखद घटना घडलेली एखादी बाई शेजारणीला सांगते, ‘चूल पेटवली तरी तेच, पाणी भरलं तरी तेच, दिवा मालवला तरी तेच.’ तीन वाक्यांत तिचा सबंध दिवस आला. पण ‘तेच’ म्हणजे काय, हे तिने एकदाही सांगितलेले नाही. ते सांगता येत नाही, म्हणूनच ती त्याच्याभोवती फिरत राहते. ‘तिला दिवसभर दुःख होते’ असा गोषवारा काढला की चूल, पाणी, दिवा हा क्रम जातो आणि ते न उलगडलेले ‘तेच’ही जाते; मग ऐकणारा वैद्य असो वा भाषांतरकार.

कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे वाक्याअखेरची पुनरावृत्ती मराठीत बरीचशी टिकते. इंग्रजीत शब्दांचा क्रमच बदलतो. म्हणून रामानुजन यांनी ओळी तोडून, काही आत सरकवून, मूळ वाक्याची घडण कागदावर डोळ्यांना दिसेल अशी मांडली. मराठी भाषांतरकाराला या युक्तीची निकड कमी. मात्र पुनरुक्ती हा दोष समजून एकसारखी वाक्ये निरनिराळ्या शब्दांनी ‘सुधारण्याचा’ मोह त्याला आवरावा लागतो.