गोळ्यांचा कोर्स आणि अर्धा चमचा विरजण

अगं, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने पोट बिघडलं आणि तू फोनवर विचारलंस, "आजी, कुठलं प्रोबायोटिक घेऊ?" तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढलीत मी, तेव्हा ऐक.

आधी हे, की गोळ्या मनाने मधेच सोडायच्या नाहीत. जुलाब थांबेनात, शौचाला रक्त दिसलं किंवा ताप चढला तर फोन डॉक्टरांना कर, मला नको. तोवर ओआरएस घोट घोट पीत राहा.

आता कॅप्सूल. लॅक्टोबॅसिलस म्हणजे दह्याच्याच गोतावळ्यातले जिवाणू. अँटिबायोटिक त्यांनाही सोडत नाही, म्हणून दोन्हींत निदान दोन तास जाऊ देत. सॅकरोमायसिस बुलार्डी मात्र यीस्ट, बुरशीच्या कुळातलं. जिवाणूंवरचं औषध त्याच्या वाटेला जात नाही. १९२०च्या दशकात आँरी बुलार नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होता. पटकीच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात हे त्याने पाहिलं आणि त्यातून हे यीस्ट वेगळं काढलं. आपल्याकडे जुलाबावर डाळिंबाची साल उकळतात, ती कोणी अशी तपासली असती तर!

पाकिटावर कोटींचे आकडे असतात, त्यांना भुलू नकोस. जिवाणूचं पूर्ण नाव, मुदत आणि 'थंड जागी ठेवा' लिहिलंय का, एवढं बघ. एका मे महिन्यात फ्रिजमध्ये ठेवायचं खोकं माझ्या हातून दोन दिवस काउंटरवरच राहिलं. सगळं फेकलं. मेलेले जिवाणू कोणाच्या गळ्यात मारायचे?

आणि महिनोन्महिने घेत बसू नकोस. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली निरोगी माणसांवर पाहिलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाहुणे ओसरीवर पसरले की घरच्यांना आत शिरायला जागा कुठली! जुलाबापुरतं, डॉक्टर सांगतील तितके दिवस घे. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला तर विचारल्याशिवाय देऊच नये.

घरच्यांना जेवायला घाल. कांदा, लसूण, केळं, डाळी यांतलं जे आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यात त्यांचं अन्न. पण पोट हुळहुळं असेतो डाळी-उसळी नकोत, गुबारा धरेल. आधी मऊ भात नि ताक. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवलास तर त्यातला थोडा स्टार्च पचायला चिवट होतो, तोही त्यांच्याच वाट्याला जातो.

दही घरीच लाव. दूध उकळून निवव. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत चटका लागला नाही, की अर्धा चमचा विरजण काठाकाठाने फिरव आणि वाटी हलवू नकोस. दूध कढत असताना घाई केलीस तर विरजण मरतं, सकाळी वाटीत नुसतं दूध. कढीतलं दही चवीला छान, पण उकळी आली की त्यातले जिवाणू संपले. तुझी गोळी सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर ती दूध-दह्याबरोबर गिळू नकोस, कॅल्शियम तिला धरून बसतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते केमिस्टला विचार.

हॉस्टेलवर विरजण नसेल तर मेसच्या मावशींकडे माग. आणि सगळं दही चाटूनपुसून संपवू नकोस, उद्यासाठी चमचाभर मागे ठेव.