साधी यंत्रे

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? यंत्रमाग, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप. ही यंत्रे विजेवर चालतात. पण लोखंडी पहार, विहिरीवरचा रहाट आणि ट्रकला टेकवलेली फळी हीसुद्धा यंत्रेच आहेत. त्यांना 'साधी यंत्रे' म्हणतात.

प्रथम पहार पाहू. समजा, पहारेच्या टोकावर दगडाचा ९० किलोग्रॅम भार आहे. पहार १५० सेंटिमीटर लांब आहे. दगडाच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर तिच्याखाली टेकू ठेवा. आता तुमच्या बाजूला १३५ सेंटिमीटर, म्हणजे नऊपट लांबी आहे. म्हणून १० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला की पुरे! पहारेचा असा उपयोग केला, की तिला 'तरफ' म्हणतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमचे टोक ९ सेंटिमीटर खाली जाते, तेव्हा दगड फक्त १ सेंटिमीटर वर येतो. जोर कमी लागतो, पण अंतर वाढते. यंत्र फुकट काही देत नाही.

आता गोदामात जाऊ. तेलाने भरलेले २०० किलोग्रॅमचे पिंप ट्रकमध्ये चढवायचे आहे. ट्रक १ मीटर उंच आहे. चौघांनी ते सरळ उचलले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोग्रॅम येतात. हात सुटला, तर कोणाचा तरी पाय चिरडेल. पण ४ मीटर लांबीच्या दोन मजबूत फळ्या ट्रकला टेकवा आणि पिंप त्यांवरून लोटत न्या. आता सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. दोघांत तो निम्मा निम्मा होतो. हे उतरणीचे यंत्र. मात्र फळ्या नीट बांधलेल्या असाव्यात आणि लोटणाऱ्यांशिवाय कोणीही खाली उभे राहू नये.

रहाटाची गंमत वेगळीच आहे. तो बादलीचे वजन कमी करत नाही. मग काम सोपे कसे होते? रहाट नसेल, तर विहिरीत वाकून दोर वर ओढावा लागतो. तोल गेला, तर जीवावर बेतते. रहाट असला, की दूर उभे राहून दोर खाली ओढता येतो. आपल्या शरीराचे वजनही मदतीला येते.

मित्रांनो, फळी लावायला दोन मिनिटे लागतात. दुखावलेली कंबर बरी व्हायला महिने जातात. ओझे उचलणाऱ्या माणसाला घाई करू नका. त्याला फळी आणून द्या.

शब्दार्थ
टेकू – आधार
पिंप – मोठा डबा, ड्रम
जीवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय
१. रहाटामुळे पाणी काढणे सोपे का होते?
२. फळ्या २ मीटर लांबीच्या असत्या, तर किती जोर लागला असता?
३. तुमच्या घरातील दोन साधी यंत्रे शोधा व त्यांचे उपयोग लिहा.